किती ठिपक्यांची?

दिवाळीच्या सकाळी दुसऱ्याच्या दारापुढची रांगोळी पाहायला थांबलेली बाई आधी कौतुक करते आणि पाठोपाठ विचारते, "किती ठिपक्यांची आहे हो?" रंग भरले की ठिपके बुजतात, म्हणून हे विचारावंच लागतं. उत्तर दोन आकड्यांत मिळतं: "पंधरा ते आठ." तेवढ्यानं काम भागतं. आकृती डोळ्यांत राहते, आकडे लक्षात राहतात आणि दुसऱ्या दिवशी तीच रांगोळी दुसऱ्या दारात उमटते. काढणारीनं परवानगी दिलेली नसते, पाहणारीनं मागितलेली नसते आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

घरी केलेल्या बहुतेक वस्तू जपून ठेवता येतात. गोधडी ट्रंकेत जाते, भरतकाम चौकटीत बसतं, थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर येतो. रांगोळीला तशी सोय नाही. संध्याकाळपर्यंत ती पायांखाली, वाऱ्यानं नाहीतर केरसुणीनं जाते. आणि तरीही ही कला जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या प्रकारांमध्ये धूलिचित्र येतं. त्याच्याही आधी वात्स्यायनानं चौसष्ट कला मोजल्या, त्यांत तांदूळ आणि फुलं वापरून नक्षी मांडणं ही एक आहे. बंगालची अल्पना, बिहारचं अरिपन, राजस्थानचं मांडणं, आंध्र-तेलंगणाचं मुग्गू, तमिळनाडूचं कोलम ही सगळी तिचीच भावंडं.

ज्या कलेची एकही जुनी प्रत शिल्लक नाही, ती इतकी वर्षं टिकली कशी? रांगोळी टिकली ती देत-घेत राहिल्यामुळे. जपता येत नाही म्हणून ती पुन्हा काढावी लागते, पुन्हा काढायची म्हणून लक्षात ठेवावी लागते आणि लक्षात ठेवायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे दुसरीला सांगणं. तिची पूड, तिचे ठिपके, तिचे सणवार सगळे या देवाणघेवाणीच्या सोयीनं घडत गेलेले दिसतात.

पूड आणि जमीन

महाराष्ट्रातली नेहमीची पांढरी रांगोळी शिरगोळा नावाचा मऊ पांढरा दगड कुटून, दळून होते. कोकणात भाताचं तूस जाळून मिळणारी राखही यासाठी वापरत. तूस अर्धवट जळलं तर राख काळी राहते, पुरतं जळलं तर पांढरी होते. ही राख बहुतांश सिलिकाच असते. दोन्ही वस्तू जवळपास फुकटच्या. रांगोळीला महागडा कागद लागत नाही, कुंचला लागत नाही, त्यामुळे ती घराघरांत पोचायला पैशाची अडचण कधी आली नाही.

पूड कशीही चालत नाही. फार बारीक असली तर चिमटीत गोळा होते आणि रेघ तुटक पडते. फार जाड असली तर भरभर ओघळते आणि रेघ फुगते. अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून ती एकसारखी झरली पाहिजे. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून ती दमट होते, म्हणून काढायच्या आधी उन्हात किंवा तव्यावर गरम करून घेतात. दुकानात जाणकार बाई मूठभर पूड हातात घेऊन दाबून पाहते. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती पुढच्या पोत्याकडे वळते.

जमिनीचंही तसंच. शेणानं सारवलेलं अंगण काळपट हिरवं आणि किंचित खरखरीत असतं. पांढरी रेघ त्यावर उठूनही दिसते आणि धरूनही राहते. गुळगुळीत फरशी आली तेव्हा रेघ घसरू लागली आणि पांढऱ्यावर पांढरं दिसेना. त्यावर उपाय म्हणजे गेरूचा चौकोन. सोसायटीच्या जिन्यात दारापुढे सारवलेला हा दीड-दोन फुटांचा लाल तुकडा म्हणजे अंगणाची उरलेली निशाणी. ज्यांच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो असे परदेशातले मराठी लोक काळ्या पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर रांगोळी काढतात.

ठिपक्यांचा हिशेब

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. "पंधरा ते आठ" म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके. तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत जायचं: १४, १३, १२ असं करत ८ पर्यंत. प्रत्येक ओळीतला ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये बसवायचा; हे एकाआड एक ठिपके. वर सात ओळी, खाली सात ओळी, मध्ये एक अशा पंधरा ओळी होतात आणि सगळे ठिपके मोजले तर १६९ भरतात. बाहेरचा आकार षटकोन होतो आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर ८ ठिपके येतात.

दुसरी पद्धत सरळ ठिपक्यांची: ठिपक्याखाली ठिपका. "अकरा ठिपके, अकरा ओळी" म्हटलं की १२१ ठिपक्यांचा चौकोन. सरळ ठिपक्यांतच मधल्या ओळीत ९ घेऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन कमी करत १ पर्यंत आलं की उभा, टोकावर तोललेला चौकोन मिळतो: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १, म्हणजे ४१ ठिपके.

या पद्धतीची गंमत अशी की तिच्यात मापच नाही. दोन ठिपक्यांमधलं अंतर दोन बोटं ठेवायचं की चार, हे ज्याचं अंगण त्यानं ठरवावं. तीच रांगोळी देवघरापुढच्या पाटाएवढी होते आणि वाड्याच्या चौकाएवढीही होते. विणकामात जसं "इतकी घरं घाल" म्हणून सांगतात आणि सुई-लोकर विणणारीवर सोडतात, तसंच हे.

ठिपक्यांचं आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. ते चूक पकडतात. मोकळ्या हातानं काढलेली वेल दुसरीनं उतरवली की थोडी बदलते, तिसरीनं उतरवली की आणखी बदलते आणि दहाव्या हाती मूळ आकार ओळखू येत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यावरून ठिपक्यावर जाते. वाट चुकली तर शेवटी एखादा ठिपका एकटा उरतो किंवा रेघेला टेकायला ठिपकाच मिळत नाही. "ठिपका उरला" म्हणजे कुठेतरी चुकलं, हे शिकाऊ मुलीलाही कळतं. मग फुंकर मारून किंवा फडक्याच्या टोकानं तेवढीच रेघ पुसायची आणि पुन्हा जोडायची. त्यामुळे कित्येक हातांतून गेलेली आकृतीही सहसा मूळची तशीच राहते.

तमिळ कोलमात रेघ बहुधा ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवती वळणं घेत जाते आणि काही वेळा संपूर्ण आकृती एकाच अखंड रेघेत पुरी होते. १९७० च्या दशकात चेन्नईतल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि त्यांचे सहकारी यांनी या आकृत्यांकडे संगणकशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं. थोडे मूळ तुकडे आणि ते जोडायचे नियम दिले की कोलमची मालिकाच्या मालिका तयार करता येते, हे त्यांनी दाखवलं. १९७४ मध्ये या विषयावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अंगणात पाठ केलेली गोष्ट व्याकरणासारखी मांडता येते, हे त्यातून पुढं आलं.

पाच पाकळ्यांचं कोडं

रांगोळीची कुठलीही वही उघडा. एकाआड एक ठिपक्यांत सहा पाकळ्यांची फुलं भेटतील, सरळ ठिपक्यांत चार पाकळ्यांची. पाच पाकळ्यांचं फूल ठिपक्यांत नेमकं बसवलेलं सापडत नाही. जास्वंद, सदाफुली, चाफा ही आपल्या अंगणातली फुलं पाच पाकळ्यांची असूनही हे असं आहे. अशी फुलं काढायची तर ठिपके सोडून मोकळ्या हातानं काढावी लागतात.

यामागं कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, भूमितीचा नियम आहे. ठिपक्यांच्या जाळ्यात सगळीकडे अंतरं सारखी येतात. एका ठिपक्यापासून दुसरीकडे जायची जी चाल आहे, ती जाळ्यातल्या कुठल्याही ठिपक्यापासून चालता येते. आता समजा, एका ठिपक्याभोवती सर्वांत जवळचे पाच ठिपके समान कोनांत मांडले. त्यांतली एक चाल चाललो आणि तिच्यापुढची एक सोडून तिसरी चाल त्याला जोडली, तर आपण मूळ ठिपक्यापासून साधारण ०.६२ पट अंतरावर येतो. नियमानुसार तिथंही ठिपका हवा. पण सर्वांत जवळचा ठिपका तर १ अंतरावर आहे असं आपण धरलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून पाचाचं जाळं होत नाही.

स्फटिकांनाही हाच नियम लागू पडतो, कारण स्फटिक म्हणजे अणूंचं ठिपक्यांसारखं जाळं. म्हणूनच १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूत पाचाच्या पटीतली सममिती दिसली तेव्हा पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. ती रचना सुव्यवस्थित होती, पण ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारी नव्हती. या शोधाला २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आठ पाकळ्यांचं काय? सरळ ठिपक्यांत ती फुलं सर्रास दिसतात. तीही काटेकोरपणे आठाची नसतात. आडव्या-उभ्या पाकळ्या ठिपके मोजत जातात, तिरप्या पाकळ्या कर्णावरून जातात आणि कर्णावरचे ठिपके एकमेकांपासून १.४१ पट लांब असतात. दोन्ही लांब्या कधीच बरोबर सारख्या होत नाहीत. पण सरळ दिशेनं ७ घरं आणि तिरप्या दिशेनं ५ घरं घेतली तर ७ आणि ७.०७ इतका किरकोळ फरक उरतो. मोठ्या रांगोळीत तो डोळ्याला कळतही नाही.

वही, उदबत्ती, छाप

घराघरांत एक रांगोळीची वही असे. बहुधा गणिताची, चौकटींची, कारण चौकटींचे कोपरे हेच तयार ठिपके. प्रत्येक आकृतीखाली दोन आकडे लिहिलेले, क्वचित ती कुणाकडून आली त्या शेजारणीचं किंवा मावशीचं नाव. लग्न झालं की ही वही नाहीतर निदान तिची नक्कल सासरी जाई. त्यामुळे एखादी आकृती एका गावातून दुसऱ्या गावात जायला एक लग्न पुरे होई. पुढं छापील पुस्तकं आली आणि वेग वाढला. पण पुस्तकांनीही आकडे लिहायची रीत वहीतलीच उचलली.

ज्यांना ठिपके एका ओळीत घालता येत नाहीत त्यांच्यासाठी भोकांचा कागद निघाला. जाड कागदावर पट्टीनं मोजून खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीचं टोक प्रत्येक खुणेवर टेकवायचं. सुईनं पाडलेलं भोक मिटतं, त्याची कड फाटते. उदबत्तीनं जाळलेलं भोक गोल राहतं आणि पूड अडकत नाही. असा कागद जमिनीवर पसरून वरून रांगोळी पसरली आणि कागद अलगद उचलला की सगळे ठिपके एकदम तयार. हा कागद शेजारीपाजारी फिरे आणि दिवाळीच्या चार दिवसांत त्याला उसंत नसे.

पत्र्याचे छाप आणि नक्षीचे रूळ हा त्याच्या पुढचा टप्पा. छापात पूड भरून जमिनीवर आपटलं की कमळ किंवा पावलं उमटतात. रूळ फिरवला की किनार तयार. सगळ्यांत साधा छाप मात्र हातच. गौरी येतात त्या दिवशी उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. काही घरांत पिठाच्या किंवा कुंकवाच्या पाण्यात मुठीची करंगळीकडची कड बुडवून जमिनीवर टेकवतात आणि वर बोटाच्या टोकानं पाच टिंबं देतात. एका क्षणात पाऊल होतं आणि चार वर्षांच्या मुलीलाही ते जमतं.

प्रदर्शनाच्या तारखा

हौसेनं केलेली गोष्ट दाखवायची कुठं, हा प्रश्न रांगोळीला पडला नाही, कारण प्रदर्शनाच्या तारखा पंचांगानंच ठरवून दिल्या. रथसप्तमीला सूर्याचा रथ, चातुर्मासात गोपद्मं, दिवाळीत दारापुढची मोठी रांगोळी, पंगतीत पानाभोवतीची महिरप. प्रत्येक प्रसंगाला पाहणारे हजर असतात.

चैत्रांगण हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्याभरात अंगणात चैत्रांगण काढतात. झोपाळ्यातली गौर, चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गाय-वासरू, आंबा, नारळ, फणी, आरसा, करंडा अशी कितीतरी चिन्हं त्यात येतात. इथं ठिपके नाहीत. सगळं मोकळ्या हाताचं. पण रोज तीच चिन्हं काढत महिना गेला की हात आपोआप बसतो. आणि याच महिन्यात घरोघरी हळदीकुंकू असतं. आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला आलेली प्रत्येक बाई आधी अंगणातूनच आत येते. तिनं पाहिलेलं कासव दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात असतं, कदाचित थोडं गोंडस झालेलं. अवनींद्रनाथ टागोरांनी १९१९ च्या 'बांग्लार ब्रत' या पुस्तकात बंगालमधल्या व्रतांचा आणि अल्पनांचा एकत्र विचार केला. चैत्रांगणाकडे पाहिलं की तो जोड का घालावासा वाटला असेल, ते समजतं: व्रत हेच तिथं चित्र शिकायचं निमित्त असतं.

अंगणातून रस्त्यावर

विसाव्या शतकाच्या शेवटी रांगोळी रस्त्यावर मोठ्या प्रमाणात आली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारती या संस्थेच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत यासाठी सोयीची ठरली. तिच्यात आधी रंगांची वर्तुळं जमिनीवर पसरतात आणि मग त्या रंगावर पांढऱ्या रेघांनी गोपद्म, शंख, कमळ, स्वस्तिक, सर्परेषा अशी ठरलेली चिन्हं काढतात. पूड मुठीतून, पाची बोटांच्या आधारानं सोडायची असल्यामुळे रेघ जाड आणि वेगवान येते. मुख्य म्हणजे चिन्हं ठरलेली असल्यामुळे एकमेकींना न ओळखणाऱ्या वीस जणी एकाच रांगोळीवर बसू शकतात. एकीनं वर्तुळ आखलं, दुसरीनं रंग टाकला, तिसरीनं कमळ काढलं, तरी हात वेगळे असल्याचं दिसत नाही.

डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि तिचं अनुकरण इतर शहरांनी केलं. या यात्रांच्या वाटेवरच्या भल्यामोठ्या रांगोळ्या याच पद्धतीच्या. आषाढात पालखीच्या वाटेवरही रांगोळीच्या पायघड्या घालतात. काही तास खपून काढलेली ही नक्षी पालखी आली की पावलांखाली जाते आणि काढणाऱ्यांना त्याचंच समाधान असतं.

याच्या उलट टोकाला व्यक्तिचित्राची रांगोळी. गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी ती नावारूपाला आणली. इथं छायाचित्रावर चौकटी आखून चेहरा मोठा करतात आणि रंगाच्या पातळ थरांवर थर चाळून गालाची छटा, डोळ्यातली चमक आणतात. पाण्यावरच्या रांगोळीत संथ पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड पसरून तिच्यावर चित्र काढतात. पृष्ठताणामुळे पूड तरंगते, पण जवळून कुणी जोरात चाललं तरी चित्र हलतं. या रांगोळ्यांपुढं माणूस थक्क होऊन उभा राहतो, पण "उद्या मी काढीन" असं म्हणत नाही. त्यांना कलावंताचं नाव असतं आणि ते रास्तच आहे. ठिपक्यांच्या रांगोळीला नाव नसतं, कारण ती कुणा एकीची नाहीच.

मोबाइल आल्यापासून रांगोळी टिकवता येते. पुसण्याआधी फोटो निघतो आणि मिनिटाभरात शंभर घरांत पोचतो. लाभ उघड आहे. तोटा असा की फोटोतून आकृती जाते, पण ती कशी काढली त्याचा क्रम आणि हिशेब जात नाही. बाजूनं घेतलेल्या फोटोत षटकोन चेपतो, रंगाखाली ठिपके लपतात आणि शंभर जणी पाहतात तरी एकीलाही ती काढता येत नाही. हौसेनं केलेली कुठलीही वस्तू, मग ती रांगोळी असो, क्रोशाचा रुमाल असो वा कागदी आकाशकंदील, दुसऱ्यापुढं ठेवताना हा फरक लक्षात असावा. "बघा" म्हणणं वेगळं आणि "घ्या" म्हणणं वेगळं. घ्या म्हणायचं तर कृतीही द्यावी लागते.

तेव्हा हे प्रकरण एका कृतीनंच संपवू. रांगोळी आहे पाच ते तीन. ओळी ३, ४, ५, ४, ३. ठिपके एकाआड एक, एकूण १९. ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतरापेक्षा किंचित कमी ठेवा. मधोमध एक ठिपका, भोवती सहा आणि त्यांच्याबाहेर बारा असं कडं दिसेल. मधल्या ठिपक्यापासून भोवतीच्या सहांना रेघा काढा. त्या सहांपैकी प्रत्येकाला बाहेरच्या कड्यातले तीन ठिपके लागून असतात. त्यांतला मधला, म्हणजे कोपऱ्याचा, सोडून द्या आणि दोन्ही बाजूंच्या दोघांना रेघा जोडा. शेवटी बाहेरचे बारा ठिपके ओळीनं जोडून कडं पुरं करा. रेघा ३० होतील आणि सारख्या आकाराची १२ शंकरपाळी-घरं मिळतील, आत सहा, बाहेर सहा. एकही ठिपका उरणार नाही. आत एक रंग भरा, बाहेर दोन रंग एकाआड एक. हात बसला की सात ते चार करा. तेव्हा भोवती १८ ठिपके वाढतील. त्यांचं काय करायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा आणि जमलं की शेजारी सांगा.